“सांपडत नाहीं” हें सांगावें कसें?

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनें आम्हांस दूरध्वनीवरून विचारलें, “गुरुजी, संस्कृताचा वर्ग बंद केलात, निदान कळवावयाचें तरी!” वर्ग तर दर रविवारीं सकाळीं बिनचूक भरत होता. चौकशीअंतीं कळलें तें असें. आमच्या अभ्यासमंडळाच्या संकेतस्थळावरील वर्गाचें पान आमच्या नातवानें नव्या पत्त्यावर हलविलें होतें. बाईंनीं जुना पत्ता उघडला, तों समोर भिंग घेतलेल्या मांजराचें चित्र व खालीं “पान पळालें!” एवढेच शब्द. वर्गच गुंडाळला असें समजून त्या दोन महिने घरीं बसल्या.

मांजर आमच्या नातवाचें. वर्डप्रेस या सॉफ्टवेअरला बाहेरून जोडतां येणारे जे लहान प्रोग्रॅम असतात, त्यांस प्लगइन म्हणतात. मूळचें रुक्ष इंग्रजी वाक्य जाऊन तेथें आपलें मराठी पान यावें, म्हणून त्यानें असा एक प्लगइन स्वतः लिहिला. हेतु स्तुत्य, मेहनतहि खरी. परंतु दारीं आलेल्या पाहुण्यास “ते येथें नाहींत” म्हणून सांगावयाचें आणि वर हसून दार लावून घ्यावयाचें, हें आपल्या घरांत चालत नाहीं.

पान मागणारा ब्राउझर आणि पान देणारा सर्व्हर यांच्यांत वाचकास न दिसणारा एक तीन आंकडी शेरा जात असतो. २ नें आरंभ होणारा शेरा म्हणजे काम झालें. ३ चा म्हणजे अन्यत्र जा. ४ चा म्हणजे मागणींतच कांहीं चूक. ५ चा म्हणजे देणाऱ्याकडेच बिघाड. ४०४ हा त्यांतला प्रसिद्ध. १९९६ सालच्या एचटीटीपी १.० च्या लेखांत तो आहे. (जिनीव्हाजवळच्या सर्न संस्थेंतील ४०४ क्रमांकाच्या खोलीवरून तो पडला, ही कथा पुष्कळांनीं ऐकिली असेल, ती दंतकथाच.)

न्यायशास्त्राचा ज्यांस थोडा परिचय आहे त्यांस अभावाचे चार प्रकार आठवतील: वस्तु उत्पन्न होण्यापूर्वींचा प्रागभाव, नष्ट झाल्यावरचा प्रध्वंसाभाव, हें तें नव्हे असा अन्योन्याभाव आणि तिन्ही काळीं नसणें हा अत्यंताभाव. ४०४ चा शेरा यांपैकीं कोणता अभाव हें सांगत नाहीं. आज येथें नाहीं, एवढेंच सांगतो. पान हेतुपुरस्सर काढून टाकिलें असेल तर १९९७ च्या १.१ आवृत्तीपासून ४१० हा निराळा शेरा आहे; तो सरळ प्रध्वंसाभाव. आणि पान नुसतें हललें असेल तर तो अभावच नव्हे. तेथें ३०१ देऊन वाचकास नव्या जागीं पोंचविलें पाहिजे. बाईंस ३०१ मिळावयास हवा होता. मिळालें मांजर.

याहून वाईट गोष्ट आम्हांस नंतर कळली. हा प्लगइन न सांपडलेल्या प्रत्येक पत्त्यावरून वाचकास मांजराच्या पानाकडे पाठवी, आणि त्या पानाबरोबर सर्व्हर २०० चा शेरा देई. म्हणजे तोंडानें “नाहीं” आणि कागदोपत्रीं “सर्व ठीक”. गूगलसारखीं शोधयंत्रें कोणता पत्ता यादींतून गाळावा हें मुख्यतः शेऱ्यावरून ठरवितात. अशा पानास ‘सॉफ्ट ४०४’ असें नांव आहे. नातू म्हणाला, “आजोबा, पान दिसतं तर बरोबर ना?” आम्हीं म्हटलें, “अरे, गैरहजर मुलापुढें हजेरी मांडली तरी हजेरीपट दिसावयास बरोबरच असतो.”

दुसरी आवृत्ति दोघांनीं बसून केली. मराठी आमचें, प्रोग्रॅम त्याचा. पान सांपडलें नाहीं हें प्रथम सरळ सांगितलें, मग शोधावयाची चौकट, वर्गाची वेळ व जागा. हललेल्या पानांची यादी करून प्रत्येकास ३०१ लाविला. मागितलेला पत्ता जसाच्या तसा पानावर छापावा, असें आम्हीं सुचविलें. नातवानें तें नाकारलें, आणि योग्यच केलें. कोणी दुष्टबुद्धीनें पत्त्यांत प्रोग्रॅमचे तुकडे घुसडले तर ते वाचकाच्या ब्राउझरमध्यें चालूं लागतात. त्यांतलीं चिन्हें आधीं निष्प्रभ करावीं लागतात.

माघांत वर्डप्रेसची नवी आवृत्ति चढविली आणि त्याच रात्रीं डेटाबेस बंद पडला. तेव्हां आमचें नवें पानहि उघडेना, कारण त्याचा मजकूर त्याच डेटाबेसांत! दिवे गेल्यावर लावावयाची मेणबत्ती विजेवर उघडणाऱ्या कुलपाच्या कपाटांत ठेवावी, तसें तें झालें. अशा प्रसंगाचें पान वेगळ्या साध्या फाइलींत ठेवण्याची सोय वर्डप्रेसमध्यें आहे. तिसऱ्या आवृत्तींत ती वापरली. त्या पानास ५०३ चा शेरा असतो, म्हणजे सध्यां अडचण आहे, थोड्या वेळानें यावें.

आतां कोणतीहि नवी आवृत्ति चढविण्यापूर्वीं नातू संकेतस्थळाच्या नकलेवर एक हललेलें पान, एक काढलेलें व एक कधींच नसलेलें मागून पाहतो, आणि शेवटीं डेटाबेस मुद्दाम बंद करतो. शेरे तो मोठ्यानें वाचतो, आम्ही वहींत टिपतों. बाई गेल्या रविवारीं वर्गास आल्या. मांजर मात्र घरांतल्या धाकट्यांच्या हट्टानें राहिलें आहे. पानाच्या अगदीं तळाशीं, भिंगाशिवाय.