खिशातला कॅमेरा

कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाने कॅमेऱ्याच्या भानगडीत पडू नये, असे आमच्या सौभाग्यवतीचे मत. त्यातून रोलचा कॅमेरा म्हणजे शुद्ध वेडेपणा! "अहो, फोनमध्ये नऊ हजार फोटो पडलेत, ते कोण बघतं?" असे तिने विचारले, आणि वाचकहो, माझे उत्तर नेमके तेच होते. कोणीच बघत नाही.

निमित्त झाले अण्णांचे. अण्णा म्हणजे माझे वडील. पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात जन्मभर फिटर. आता वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या वर्षापासून त्यांना नावे आठवेनाशी झाली आहेत. फोनवरचे चित्र दाखवावे, तर बोट लागून ते सरकते आणि अण्णा गोंधळून जातात. पण जुना आल्बम मांडीवर दिला की आगफा क्लिक-थ्रीने काढलेले चौकोनी फोटो ते तासभर पाहत बसतात. बडोद्याला तयार होणारा तो साधा डबा. एका रोलात बाराच फोटो, म्हणून माणसे कशी जपून उभी राहत! मोरया गोसावींच्या देवळामागे, पवनेच्या घाटावर उभ्या असलेल्या आईवर बोट ठेवून तिचे नाव मात्र अण्णा बिनचूक सांगतात.

तेव्हा रोज माझ्या शबनममध्ये राहील असा चांगला, लहान कॅमेरा घ्यावयाचा आणि आल्बम पुढे चालू ठेवावयाचा, असे ठरवले.

पुण्यातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याने टेबलावर ओळच मांडली. १९९० चा कॉन्टॅक्स टी-टू: टायटॅनियमचा देह, झाइसचे भिंग, अंतर तो स्वतःच जुळवतो. किंमत ऐकून मी पुढे आलेला चहा तसाच ठेवला. शिवाय आतले सर्किट एकदा गेले की सुटा भाग मिळणे कठीण. १९७९ चा ऑलिंपस एक्सए मात्र मनात भरला. माइतानी नावाच्या जपानी अभियंत्याने तो आखला. झाकण सरकवले की कॅमेरा तयार. पण सेल संपले की तोही मुका. नवाच हवा तर २०२४ साली आलेला पेंटॅक्स सेव्हन्टीन होता. तो अर्ध्या चौकटीचा. छत्तीसच्या रोलात बहात्तर फोटो. सौभाग्यवतीला ही काटकसर पटली, मला पटेना. बहात्तर फोटो संपेपर्यंत पुढचा गणपती यायचा, आणि अण्णांना तेवढे थांबवणे मला परवडणारे नव्हते.

अखेर घेतला रोलाय थर्टीफाइव्ह. १९६६ साली जगापुढे आलेला, वजन ३७० ग्रॅम, भिंग ओढून बाहेर काढावयाचे. त्याच्या प्रकाशमापकाला लागणारा पाऱ्याचा सेल आता बनत नाही, पण खटका सेलावाचून चालतो. लख्ख उन्हात भिंगाचे छिद्र सोळावर आणि दोनशेच्या रोलाला वेग अडीचशेवर ठेवला की काम भागते. उणीव एकच: समोरचा माणूस किती फुटांवर आहे, हे आपणच अंदाजाने ठरवून भिंगावरच्या आकड्याशी जुळवावे लागते.

आणि माझा अंदाज! पहिल्या रोलातले संध्याकाळचे सगळे फोटो धूसर. उजेड कमी म्हणून छिद्र पूर्ण उघडावे, तर फूटभराची चूकही नडते. सौभाग्यवती काही बोलली नाही. तेच जास्त लागले.

पुढच्या रविवारी घाटावर तिला उभे केले. मी भिंगाशी खुडबुड करत "आठ की सात?" असे पुटपुटत होतो. शेजारी बसलेले अण्णा एक डोळा मिटून म्हणाले, "अरे, साडेसहा फूट."

मी साडेसहा लावले.

रोल धुवून आला. पापणीन् पापणी स्पष्ट! आल्बमच्या कोऱ्या पानावर तो फोटो चिकटवला आणि अण्णांपुढे धरला. त्यांनी बराच वेळ पाहिले. मग बोट ठेवून म्हणाले, "ही आपली सूनबाई. साडेसहा फुटांवर होती."