मोजणाऱ्याचे मोजमाप

दिवाळी सरली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील खळ्यांवर भाताची झोडणी सुरू होते आणि वर्षभराचे कष्ट पोत्यांत भरून काट्यावर चढतात. काट्यावर जो आकडा उमटतो, तोच त्या श्रमाचा निवाडा ठरतो. परंतु त्या आकड्यावर विश्वास कोणत्या आधारावर ठेवायचा?

हाच प्रश्न जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांपुढेही असतो. तेथील ‘सीएमएस’ या महाकाय शोधयंत्राचा बाह्य ऊर्जामापक उभारण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाचा मोलाचा वाटा आहे. त्यात विशिष्ट प्लास्टिकच्या २,७३० फरशा आहेत. कण आरपार गेला की फरशी क्षणभर चमकते, तो प्रकाश तंतूंमधून संवेदकापर्यंत जातो आणि त्यावरून ऊर्जेचा अंदाज बांधला जातो. २०१३-१४ मध्ये येथील जुने संवेदक काढून सिलिकॉनचे नवे संवेदक बसवण्यात आले.

मात्र हे संवेदक तापमानाला हळवे असतात. उष्णता वाढली की त्यांचा प्रतिसाद घटतो आणि कण तोच असूनही आकडा बदलतो. म्हणून त्यांचे अंशशोधन करावे लागते. एलईडी दिव्यातून काही नॅनोसेकंदांचा प्रकाशस्पंद सोडायचा आणि संवेदक काय सांगतो ते पाहायचे. प्रकाश अत्यंत मंद ठेवला, तर आलेखावर एक, दोन, तीन प्रकाशकणांचे उंचवटे समान अंतरावर उभे राहतात. ते अंतर हीच संवेदकाची मोजपट्टी. आता दिव्याचेही तेज तापमानाने आणि वयाने बदलते. म्हणून अशा यंत्रणांत दिव्यावर नजर ठेवणारा दुसरा प्रकाशमापक असतो. परीक्षकाचीही परीक्षा घेण्याची ही शिस्त आहे.

ही शिस्त आपल्या कायद्यातही आहे. वैधमापन निरीक्षकाची वजने वरच्या प्रमाण वजनांशी ताडली जातात आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी बंधनकारक आहे. परंतु वर्षातून एकदा उमटलेला शिक्का भात मोजण्याच्या त्या सकाळची ग्वाही देत नाही. धूळ, धक्के आणि विजेचे चढउतार काट्याने मधल्या काळात सोसलेले असतात. काट्यात एक टक्क्याची चूक असेल, तर वीस क्विंटल भातामागे वीस किलो जातात. २०२५-२६ च्या २,३६९ रुपये हमीभावाने ही रक्कम सुमारे ४७४ रुपये होते. लहान शेतकऱ्याला ती लहान नाही.

त्यावरचा उपाय खर्चिक नाही. प्रत्येक खरेदी केंद्रावर शिक्कामोर्तब केलेले वीस किलोचे प्रमाण वजन असावे. रोज सकाळी शेतकऱ्यांसमक्ष ते काट्यावर ठेवावे, आलेला आकडा वहीत नोंदवावा आणि पडताळणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागी लावावे. ही नोंद तपासण्याचे काम गावातील विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडे द्यावे. अंशशोधनाचा धडा त्यांना पुस्तकाविना कळेल.

अणूहूनही सूक्ष्म कणांचा हिशेब चोख राहावा म्हणून देशाचे वैज्ञानिक एवढी दक्षता घेतात. भाताच्या पोत्यासाठी तेवढी दक्षता मागणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे आणि ती देणे हे शासनाचे कर्तव्य आहे.