पुराव्याचे ओझे वीरपत्नीच्या माथी का?

रणांगणी हुतात्मा झालेल्या जवानाच्या पत्नीला त्याच्या अखेरच्या वेतनाइतके कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. सेवेमुळे जडलेल्या व्याधीने मृत्यू आल्यास ते ६० टक्के असते. आणि ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा पडला, की वाढीव दराची प्रारंभीची वर्षे सरताच उरतात अवघे ३० टक्के. एका शेऱ्याने विधवेची मिळकत निम्मी होते.

भरतीच्या वेळी सैन्याच्याच डॉक्टरांनी ज्याला निरोगी ठरविले, त्याचे हृदय पुढे सेवेत असताना थांबले, तर तो केवळ प्रकृतीचा दोष कसा? भरतीवेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळेच जडला असे मानावे, पुराव्याचा भार जवानावर टाकू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात बजावले. तो खटला अपंगत्व निवृत्तिवेतनाचा असला, तरी न्याय तोच. तरीही अनेक विधवांना सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

सार्वजनिक पैशाची छाननी व्हावी, हे खरेच. परंतु वैद्यकीय नोंदी शासनाच्या कपाटात आणि पुरावा मागायचा विधवेकडे, हा न्याय नव्हे. शासनाने कागद स्वतः पुढे ठेवावेत. आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी अशा भगिनीसोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत जावे. पुष्पचक्राहून ती खरी मानवंदना ठरेल.