अज्ञान छत्रपतींची ‘भेट’

शिवछत्रपतींच्या ‘जगदंबा’ तलवारीचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेले असते : ती लुटलेली नाही, १८७५ साली ब्रिटिश युवराजाला सन्मानाने दिलेली भेट आहे. आपल्याकडील काही विद्वानही यावर मान डोलावतात. तेव्हा ही भेट देणारा हात कोणाचा होता, हे एकदा तपासलेच पाहिजे.

युवराज अल्बर्ट एडवर्ड ८ नोव्हेंबर १८७५ रोजी ‘सेरापिस’ जहाजातून मुंबईत उतरला. दुसऱ्याच दिवशी त्याला ३४ वर्षे पूर्ण झाली. दौऱ्याचे नाव सद्भावनेचे. त्याच वर्षी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत करण्यात आले होते. विषप्रयोगाच्या आरोपाची चौकशी करणाऱ्या आयोगात तीन इंग्रज एका बाजूला आणि तीन भारतीय सदस्य दुसऱ्या बाजूला, अशी मते पडली. तरीही राजा मद्रासला रवाना झाला. त्यांच्या गादीवर खानदेशच्या सीमेवरील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव, म्हणजेच पुढचे सयाजीराव, बसवला गेला. संस्थानिकांच्या मनात सद्भावना किती आणि धाक किती, हे वेगळे सांगावे काय?

कोल्हापूरच्या गादीवरील चौथे शिवाजी महाराजही तेव्हा बाराच वर्षांचे होते. त्यांच्या आधीचे राजाराम महाराज विलायतेहून परतताना १८७० मध्ये फ्लोरेन्स येथे वारले आणि हा दत्तक बालक गादीवर आला. संस्थानाचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होता. अशा स्थितीत थोरल्या महाराजांची स्मृती म्हणून जपलेली तलवार सप्तसमुद्रापार गेली. चोपड्यातील शिवजयंतीच्या मिरवणुकीत बालशिवाजी झालेल्या मुलाच्या कमरेची पत्र्याची तलवार एखाद्या थोराने काढून घेतली, तर तिला कोणी भेट म्हणेल?

परतभेटी दिल्या होत्या, असा युक्तिवाद होतो. दिल्या असतील. पण ज्या इंग्रजांनी १८७२ च्या करार कायद्याने अज्ञान व्यक्तीचा करार अमान्य ठरवला, त्यांनीच १८७५ च्या सज्ञानता कायद्याने सज्ञानतेचे वय अठरा ठरवले आणि न्यायालयाने पालक नेमलेल्या मुलासाठी ते एकवीस केले. कोल्हापूर संस्थान असल्याने हा कायदा तेथे शब्दशः लागू नव्हता, हे खरे. परंतु सामान्य प्रजाजनाला बाराव्या वर्षी शेताचा बांधही लिहून देता येत नसताना राजाला मात्र वंशाचा वारसा देता येतो, ही कुठली न्यायबुद्धी?

या बालराजाचे पुढे काय झाले, तेही विसरता येत नाही. त्यांच्या छळाच्या वार्तांवरून दिवाण माधवराव बर्व्यांवर टीका केली म्हणून टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, एका गोऱ्या सोजिराशी झालेल्या झटापटीनंतर, महाराजांचा मृत्यू झाला. वय अवघे वीस. एकवीस पूर्ण होऊ दिलेच नाही!

तलवार आणण्याची घोषणा १९८० मध्ये अंतुले यांनीही केली होती. पण त्यांचा गाजावाजा ‘भवानी’चा होता आणि दोन तलवारींच्या गोंधळातच बरीच शाई वाया गेली. जुलै २०२४ मध्ये वाघनखे साताऱ्यात आली, ती तीन वर्षांच्या उसनवारीवर. २०२५ मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार राज्य शासनाने लिलावात मोल मोजून घेतली. दोन्ही गोष्टींचा आनंद आहेच. ‘जगदंबे’साठी मात्र उसनवारीचा अर्जही नको आणि बोलीही नको. ती संग्रहालयाच्या विश्वस्तांकडे नसून ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे, आणि आजचे राजे चार्ल्स हे त्याच युवराजाच्या पणतीचे चिरंजीव आहेत. राज्य शासनाचे पुढचे पत्र थेट त्यांच्या नावे जावे. त्यात विनंती नसावी. अज्ञान वारसाकडून घेतलेल्या ठेवीची मागणी असावी, आणि सोबत १८७५ च्या त्या कायद्याची प्रत जोडावी.