‘स्रोत : गूगल’ हा स्रोत नव्हे

संगमनेरच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला १६७९ ची जालन्याची स्वारी टाळता येत नाही. परतीच्या वाटेवर मोगलांशी झालेली लढाई, बहिर्जी जासूदाने दाखवलेली वाट, पट्टा किल्ल्यावरचा मुक्काम, या प्रत्येक विधानाला आपण सभासदाच्या बखरीचा आधार मागतो. त्याच सादरीकरणातल्या महाराजांच्या चित्राखाली मात्र ‘स्रोत : गूगल’ लिहिले की वर्ग समाधानी! पत्र कोणाचे, असे विचारल्यावर ‘पोस्टमनचे’ म्हणण्यापैकीच हे उत्तर आहे.

चित्र ही सजावट नव्हे, साधन आहे. इब्राहिम खान नावाच्या माणसाचे चित्र महाराष्ट्राने दीर्घकाळ शिवछत्रपतींचे म्हणून पूजले. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली अस्सल चित्र प्रसिद्ध केले, तेव्हा तो भ्रम सरला.

आणि गंमत पाहा. बेंद्र्यांच्याच या शोधाखाली आज एक ओळ फिरते : ‘सुरतेचा डच गव्हर्नर व्हॅलेंटाइन याने १६६४ च्या भेटीत काढून घेतलेले चित्र.’ फ्रांस्वा व्हॅलेंटाइनचा जन्मच १६६६ चा! तो गव्हर्नर नव्हता, धर्मोपदेशक होता. पूर्वेकडील डच वसाहतींवरचा त्याचा ग्रंथ १७२४ ते १७२६ मध्ये छापला गेला. ओळ उतरवून घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी हे जन्मवर्ष पाहिले असेल?

माग काढणे अवघड नाही. चित्र गूगल लेन्स किंवा टिनआयमध्ये टाका. टिनआयमध्ये जुन्यात जुनी नोंद आधी दाखवणारा क्रम निवडता येतो. चित्र कापलेले, रंगवलेले असेल तर पूर्ण प्रत शोधा आणि संग्रहालयाच्या स्वतःच्या नोंदीपर्यंत जा. ॲम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम, लंडनचे ब्रिटिश म्युझियम या दोन्हींकडे महाराजांची सतराव्या शतकातली दख्खनी चित्रे आहेत. चित्रकार अज्ञात असला तरी शैली, अंदाजे काळ, संग्रह आणि नोंदक्रमांक तिथे मिळतात. ओळ तेवढीच हवी. पिंटरेस्टवर थांबलेला शोध हा शोध नव्हे.

‘वर्गापुरतेच आहे, कॉपीराइट कुठे लागतो?’ हा नेहमीचा बचाव. १९५७ च्या कायद्याचे कलम ५२ शिक्षक-विद्यार्थ्यांना अध्यापनात अशी सवलत देते, हे खरेच. पण ती सवलत वापरण्याची आहे; चित्र कोणाचे, कधीचे, या प्रश्नाचे उत्तर कायदा देत नाही. शिवाय यंत्राने घडवलेल्या ‘अस्सल’ तसबिरी आता रोज येत आहेत, ज्यांना मूळच नाही.

म्हणून शिक्षकांकडे एक मागणी. शोधाअंती माग लागला नाही आणि विद्यार्थ्याने ‘मूळ अज्ञात’ लिहिले, तर गुण कापू नका. ‘गूगल’ लिहिले, तर जरूर कापा.