हत्यार कोणाचे, हुन्नर कोणाचा?

कर्जत-खालापूरच्या वाड्या-पाड्यांतल्या मुलींनी संगणक शिकावा, यावर आता कोणाचे दुमत उरलेले नाही. ग्रामसभेत, शाळेत, बचत गटाच्या बैठकीत सगळेच माना डोलावतात. परंतु ती ज्या साधनावर शिकते ते कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शिवणयंत्र घेताना पावती बाईच्याच नावाने करा, असा आपण आग्रह धरतो. मग तोच आग्रह इथे का नसावा?

प्रोग्रॅम लिहायला 'कोड एडिटर' लागतो. सुताराला रंधा लागतो तसा. मायक्रोसॉफ्टने 2015 साली आणलेला 'व्हीएस कोड' आज जगभर वापरला जातो. तो फुकट आहे आणि खुलाही आहे, असे सांगितले जाते. यातले दुसरे विधान अर्धेच खरे आहे. त्याचा मूळ कोड खुला आहे. पण आपण उतरवून घेतो त्या तयार एडिटरला कंपनीचा वेगळा परवाना लागू होतो, आणि वापराची माहिती कंपनीकडे जाण्याची सोय त्यात आधीपासूनच चालू असते. खरी मेख पुढेच आहे. एडिटरला एक्स्टेन्शन, म्हणजे जोडसाधने, लावावी लागतात. ती जिथे मिळतात ते कंपनीचे मार्केटप्लेस तिच्याच उत्पादनांसाठी राखीव आहे. पायथनसाठीचे 'पायलान्स' दुसऱ्या एडिटरवर वापरायला परवानगी नाही. सी++ साठीचे साधन एप्रिल 2025 मध्ये त्याच कोडवर उभारलेल्या इतर एडिटरांत चालेनासे झाले. परवान्यातली अट जुनीच होती. तिचा अंमल तेव्हा जाणवला.

आपल्याकडच्या बायांना हे भाताच्या उदाहरणाने चटकन कळते. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने 'कर्जत-3'सारखे सरळ वाण दिले आणि 'सह्याद्री' हे संकरित वाणही दिले. सरळ वाणाचे बी बाई घरी राखते, शेजारणीला देते. संकरिताचे बी मात्र दरवर्षी विकत आणावे लागते. संकरिताचे पीक जास्त येते हे मी नाकारत नाही. पण ते बी पुढच्या साली तसेच उगवत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. जोडसाधन दुसरीकडे न चालणे हा माणसांनी कागदावर घेतलेला निर्णय आहे. असा निर्णय आपण निमूट का मान्य करावा?

पर्याय आहेत. त्याच खुल्या कोडपासून कार्यकर्त्यांनी 'व्हीएसकोडियम' तयार केला आहे. त्याची जोडसाधने एक्लिप्स फाउंडेशन चालवत असलेल्या 'ओपन व्हीएसएक्स' या खुल्या भांडारातून येतात. सी++ साठी 'क्लँगडी', पायथनसाठी 'बेस्डपायराइट' ही खुली साधने तिथे मिळतात. नवशिक्या मुलींसाठी आणि जुन्या, मंद संगणकांसाठी एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात जन्मलेला 'थॉनी' पुरेसा आहे. मुलीने लिहिलेला प्रोग्रॅम साध्या मजकुराच्या फाइलीत राहतो, त्यामुळे एडिटर बदलला तरी तिचे काम अडकत नाही.

काही जण सल्ला देतात की एक सेटिंग बदला, कंपनीचेच भांडार जोडा, कोणाला कळते? मला हे मान्य नाही. त्याने अटींचा भंग होतो आणि पुढच्या सुधारित आवृत्तीत सगळे पुन्हा बंद पडू शकते. मुलींना पहिल्याच पायरीवर लपवाछपवी कशाला शिकवायची? अट मोडण्यापेक्षा अटीची गरजच संपवावी.

दुसरा आक्षेप नोकरीचा आहे: कंपनीत व्हीएस कोडच असतो ना? असेल. पण दोन्हींचा तोंडवळा एकच आहे. एकावर सराव झालेली मुलगी दुसऱ्यावर सहज बसेल. उलट, साधन बदलता येते हे तिला आधीच ठाऊक असेल.

खुल्या साधनांतही उणिवा आहेत. सगळी जोडसाधने तिथे नाहीत. खुल्या भांडारातही फसवे साधन शिरू शकते, म्हणून ते कोणी टाकले आहे हे तपासावेच लागते. माहितीपुस्तिका बहुतेक इंग्रजीत आहेत. आणि 'खुले' म्हटल्याने कुठलेही क्षेत्र बाईसाठी आपोआप खुले होत नाही. एडिटर खाते मागत नाही, पण त्यातले एआय मदतनीस बहुधा मागतात. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत खाते म्हणजे मोबाइल आणि मोबाइल म्हणजे भाऊ. ओटीपी त्याच्या हातात, म्हणजे शिकण्याची परवानगीही त्याच्याच हातात. खाते न मागणारे साधन निवडणे हा म्हणूनच आपल्या दृष्टीने हक्काचा प्रश्न आहे.

तेव्हा संघटनांनी तीन गोष्टी कराव्यात. देणगीचे संगणक स्वीकारताना त्यांवर कोणते सॉफ्टवेअर असेल हे आपण ठरवावे. एडिटर आणि जोडसाधने पेनड्राइव्हवर साठवावीत, म्हणजे नेटवर्क नसलेल्या वाडीतही वर्ग चालेल. आणि मराठी पुस्तिका आपणच लिहावी; ती मुलींकडूनच लिहून घ्यावी. हुन्नर मुलीचा आहे. हत्यार काढून घेण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाच्या हाती राहिला, तर तिचे स्वावलंबन अर्धेच राहील.