पायाखालचा धूर

फरसाणाच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली, तर बहुतेकदा ‘पामोलीन’ सापडतं. जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश भारत. ते येतं मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून. जंगलं तोडून तिथे तेलताड लावला, ओरांगउटान बेघर झाले, एवढं आपण ऐकलेलं असतं. त्याहून घातक प्रकार जमिनीखाली घडतो. सुमात्रा-बोर्निओच्या दलदलींत हजारो वर्षं पुरता न कुजलेला पालापाचोळा साचून पीट नावाची, कार्बनने गच्च माती बनली आहे. पाणी आहे तोवर ती निमूट असते. तेलताडाच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही, म्हणून चर खणून ते काढून देतात. मग माती सुकते, खचते, कार्बन सोडत राहते आणि आग लागली की आठवडेच्या आठवडे आतून धुमसते. २०१५ साली इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळालं. धूर थेट सिंगापूरपर्यंत पोचला. (सगळा दोष तेलताडाचा नव्हे, कागदासाठी लावलेली झाडंही त्यात आहेत.) बहिष्कार घालावा, तर तेवढंच तेल सोयाबीनमधून काढायला कितीतरी पट जमीन लागेल. आणि आपण काय करतोय? २०२१च्या केंद्रीय अभियानात तेलताडासाठी ईशान्य भारत आणि अंदमानवर भर दिला आहे. पडीक शेतात लावा, हरकत नाही. जंगलाला मात्र हात लावू नका.